सहावी 'ब'ची महापालिका

सुलाबाई गांगुर्डेंचा राग शाळेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. बाई वर्गात यायच्या आधी त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. तेवढ्यावरून मुलं ताडायची की आज बाई नुसत्या चिडल्यात की पेटल्यात. शिक्षकखोलीत कुणी म्हणे पित्ताचा त्रास असेल, कुणी म्हणे घरी काही बिनसलेलं असेल. घरी काहीच बिनसलेलं नव्हतं. नवरा, कोंडाजी गांगुर्डे, एसटी डेपोत कारकून होता. शांत माणूस, संध्याकाळी रेडिओ लावून शेंगा सोलत बसणारा. सुलाबाईंचा राग घरातून आलेलाच नव्हता. तो नागरिकशास्त्रातून आलेला होता.

चांदवडजवळच्या एका खेड्यात त्यांचं लहानपण गेलं. आई, धोंडाबाई, कांद्याच्या खळ्यावर मजुरी करायची. नव्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत बाई सभासद घ्यावी लागते असं निघालं, तेव्हा गावच्या पुढाऱ्यांनी बराच खल केला. आपल्या घरची बाई चारचौघांत बसवायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी त्यांनी बौद्धवाड्यातल्या धोंडाबाईचं नाव घातलं. वाड्यावर केवढा आनंद झाला! धोंडाबाईनं लग्नातलं लुगडं काढलं, सुलाचा हात धरला आणि ती सभेला निघाली. पंचायतीच्या दारात शिपायानं हात आडवा केला. "तू हितंच बस, खिडकीखाली. काय ठरलं ते आयकू येतं." आत पानसुपारी झाली, आवाज चढले, उतरले. शेवटी शिपाई बाहेर आला आणि त्यानं धोंडाबाईचा अंगठा घेतला.

"काय ठरलं गं आई?" सुलानं वाटेत विचारलं.

"मला काय म्हाईत? हिरीचं कायतरी बोलत व्हते."

"मग अंगठा कशाला दिला?"

धोंडाबाई म्हणाली, "तू लय शीक. शिकली म्हंजी तुला आत घेतील."

सुला शिकली. नाशकात बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाली, डी.एड. झाली, नोकरीला लागल्यावर बाहेरून बी.ए.ही झाली. आणि १९७२ साली जुन्या नाशकातल्या एका खाजगी शाळेत त्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी वेळापत्रक लावणाऱ्या सरांनी हसत हसत सांगितलं, "बाई, तुम्हाला नागरिकशास्त्र देतो. सोपं आहे. शुक्रवारचा शेवटचा तास. मुलांना म्हणायचं, धडा वाचा. आपण वह्या तपासायच्या."

बाईंचा त्या शाळेतला पहिला राग तो. सोपं? ज्या विषयासाठी आई खिडकीखाली बसली, तो वह्या तपासायचा तास?

सबंध वर्ष त्या पोटतिडकीनं शिकवत राहिल्या. मार्चमध्ये उजळणी घेताना त्यांनी एका मुलाला विचारलं, "नगरपालिकेची कामं सांग." त्यानं हात मागे बांधून, डोळे मिटून, एका दमात सगळं म्हणून टाकलं. आवश्यक कामं, ऐच्छिक कामं, स्वल्पविरामासकट.

"तुझ्या गल्लीत दिवाबत्ती आहे?"

मुलानं डोळे उघडले. "म्हणजे काय बाई?"

बाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं. खडूची भुकटी उडाली. मुलं घाबरली, पण बाईंना राग मुलांचा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वह्या कपाटात कोंबल्या आणि जाहीर केलं, "यापुढे उजळणी लिहून नाही. वर्गाची नगरपालिका करायची."

बाकांची एकेक रांग म्हणजे एकेक वॉर्ड झाला. कुणी पतंग निशाणी घेतली, कुणी छत्री, कुणी कंदील. नकाशाच्या स्टँडमागे मतदान. दौतीतली शाई बोटाला. निवडून आलेल्यांनी आपल्यातून अध्यक्ष निवडायचा आणि सभा भरवायची. सभेत तक्रार मांडायची ती स्वतःच्या गल्लीतली, खरी, डोळ्यांनी पाहिलेली. भाषण रंगात आलं की बाई मधेच टोकायच्या, "हा ठराव करायचा अधिकार कुणाला? पैसा कुठून आणणार? कोणता कर?" उत्तर चुकलं की मुद्दा पडला. मग विरोधी बाकं टाळ्या पिटायची आणि ज्याचा मुद्दा पडला तो रात्री घरी जाऊन धडा उघडायचा. आजवर त्या पुस्तकाला कुणी इतका हात लावला नव्हता.

७५ साली तर बाईंनी खऱ्या नगरसेवकालाच बोलावून आणलं. सावळीरामअण्णा हा भाजीपाला पिकवणारा गडी, धोतर-टोपी, तोंडानं मोकळा. हार घातला की चार शब्द बोलून जाऊ, अशा हिशेबानं तो आला होता. एका मुलीनं उभं राहून विचारलं, "अण्णा, निवडून आल्यावर आमच्या गल्लीत किती वेळा आलात?"

अण्णानं टोपी काढून घाम पुसला. "पोरी, खरं सांगू? मतं मागाया आलो व्हतो. त्यानंतर नाय."

"मग आमचा दिवा कोण लावणार?"

मुख्याध्यापक देवरेसर मागं उभे होते, ते खोकून खोकून बेजार झाले. पण अण्णा राग न धरता म्हणाला, "लावतो." आणि त्या गल्लीत दिवा लागला. मुलं घोळका करून तो दिवा बघायला गेली. सुलाबाई त्या दिवशी चिडल्या नाहीत. कोंडाजींना घरी आल्या आल्या ते जाणवलं आणि त्यांनी विचारलं, "बरं नाही का आज?"

तशी ती वर्षं चालली. मग ८२ साली नगरपालिका गेली आणि महानगरपालिका आली. गावाला मोठेपण मिळालं म्हणून लोक खूष झाले. जुने नगरसेवक घरी बसले, सावळीरामअण्णा मळ्यात परत गेला. कारभार पाहायला सरकारनं प्रशासक नेमला. निवडणूक पुढच्या वर्षी, असं सगळे म्हणत होते. पुढच्या वर्षी झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही झाली नाही. पुस्तक मात्र बदललं नाही. त्यात एकोणतिसाव्या पानावर छापलेलंच होतं: महानगरपालिकेचे सदस्य प्रौढ मतदानाने निवडले जातात.

सुलाबाई दर मार्चला हे वाक्य वाचायच्या आणि त्यांचं कपाळ तापायचं. शिक्षकखोलीत त्यांनी विषय काढला तर कुणी म्हणायचं, "बरं झालं ना बाई, निदान भांडणं तरी बंद झाली." कुणी म्हणायचं, "नळाला पाणी येतंय ना? मग?" बाई अशा वेळी कपातला चहा तसाच ठेवून उठून जायच्या.

८६चा मार्च आला. सहावी 'ब'मध्ये निवडणूक झाली आणि छत्री निशाणीवर मैना निवडून आली. मैना मखमलाबादकडच्या माळ्याची पोर. पहाटे बापाबरोबर फुलबाजारात झेंडूच्या पाट्या उतरवून मग शाळेत यायची. गिऱ्हाइकांशी घासाघीस करून तिची जीभ तयार झालेली होती. बाईंनी वर्गाला काम दिलं. घरी विचारून या, तुमच्या वॉर्डातली अडचण कोणती आणि ती सोडवायची जबाबदारी कुणाची.

दुसऱ्या दिवशी भिकन नावाचा मुलगा उभा राहिला. त्याचे वडील मालेगावकडून येऊन नाशकात हातगाडी ओढायचे.

"बाई, जबाबदारी कुणाचीच नाही."

"असं कसं?"

"वडील म्हणाले, नगरसेवक संपले. आता साहेब आहे. तो कुठं बसतो ते माहीत नाही."

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. मैनानं हात वर केला. "बाई, मग पुस्तकात आहे ते खोटं आहे का?"

"खोटं नाही. कायदा तसाच आहे."

"पण तसं होत नाही."

"नाही होत."

"मग परीक्षेत काय लिहायचं?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "पुस्तकात आहे तेच लिहा." आणि ते शब्द बाहेर पडताच त्यांच्या अंगाचा भडका उडाला. चौदा वर्षं घसा फोडून आपण शेवटी हेच शिकवलं? पोरांसमोर त्यांना उभं राहवेना. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू येत होते.

मग त्या वळल्या. "सभा चालू करा. ठराव मांडा."

ठराव शाळेच्या फाटकापुढच्या गटारीचा होता. गटारीवरचं झाकण कधीचं तुटलं होतं आणि नुकताच पहिलीतला एक मुलगा त्यात पडून त्याचा हात मोडला होता. ठराव एकमतानं पास झाला. मैना म्हणाली, "बाई, पण पुढं काय? दर वर्षी ठराव पास होतात आणि आपण घंटा झाली की घरी जातो."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"साहेबाला नेऊन द्यायचा."

बाईंनी वर्गाची रांग केली. देवरेसर त्या दिवशी बाहेरगावी होते, म्हणून परवानगी कुणाची घ्यायची हा प्रश्न आला नाही. सहावी 'ब' भर उन्हात, भांडी बाजारातून, टांगेवाल्यांच्या शिव्या खात, पालिकेच्या एका कचेरीत जाऊन उभी राहिली. तिथले, प्रशासकाच्या हाताखालचे साहेब पंख्याखाली बसले होते. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग दारापर्यंत दाटलेल्या पोरांकडे.

"सहल आहे का?"

"नाही," मैना पुढं झाली. "आम्ही सहावी 'ब'ची महापालिका आहोत. हा ठराव आहे."

साहेब हसले. कागद वाचला, पेपरवेटखाली ठेवला. "छान. शाब्बास. बघू हं."

"कधी बघणार?"

"बघू म्हटलं ना बाळ."

"साहेब, आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?"

"सध्या नाही. प्रशासक आहेत."

"त्यांना कुणी निवडून दिलं?"

साहेबांचं हसू मावळलं. "शासनानं नेमलंय."

"मग आम्ही त्यांना काढू शकतो का?"

मागून भिकन ओरडला, "पुस्तकात आहे, पान एकोणतीस!" आणि सगळी पोरं हसली. साहेब खुर्चीतून उठले. पोरांना सोडून बाईंना म्हणाले, "काय शिकवता तुम्ही ह्यांना? शाळा आहे की पक्ष?"

"नागरिकशास्त्र," बाई म्हणाल्या. "सरकारनंच छापलेलं. तुमच्याकडे नसेल तर एक प्रत पाठवून देते."

"मुलांना पुढं करून राजकारण करायचं? मी तुमच्या मुख्याध्यापकांशी बोलतो."

"बोला. त्यांच्याशी बोलाल, प्रशासकांशी बोलाल. फक्त ह्या पोरीला उत्तर देऊ नका."

परतीच्या वाटेवर, आपण जिंकलो की हरलो, ते पोरांना कळेना. बाईंनाही कळत नव्हतं. रागानं त्यांच्या पायांना एवढा वेग आला होता की पोरांना मागून पळावं लागत होतं.

देवरेसर परतले तेव्हा फोन येऊन गेलेला होता. खंडेराव देवरे माणूस वाईट नव्हते. अनुदानाची फाइल अडू नये, इमारतीची परवानगी अडू नये, निवृत्तीपर्यंत दिवस नीट जावेत, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

"बाई, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत."

"तिथं गटार उघडी आहे सर. पोराचा हात मोडला."

"गटार उघडीच असते हो! गावभर उघड्याच आहेत. म्हणून मी काय लेकरांचा मोर्चा काढू?"

"मोर्चा नव्हता. उजळणी होती."

"उजळणी वर्गात करतात. प्रश्न फळ्यावर, उत्तरं वहीत." सरांनी वेळापत्रक पुढं ओढलं. "जूनपासून नागरिकशास्त्र जाधवसर घेतील. तुम्ही मुलींचं शिवण घ्या."

बाई उभ्या होत्या त्या तशाच राहिल्या. "मला बाहेर बसवताय सर?"

"बाहेर कुठं? पगार तोच आहे."

त्यावर बाई काय बोलल्या ते दारापलीकडे बसलेल्या यादव शिपायानं ऐकलं आणि पुढं कित्येक वर्षं तो सांगत असे. पण प्रत्येक वेळी वेगळं सांगत असे, तेव्हा ते सोडून देऊ. दार मात्र असं आपटलं की वरची चौकट हलली.

गटारीचं काय झालं? साहेबांनी काही केलं नाही. एके रविवारी मैनाचे वडील गोटीराम बैलगाडीतून एक जाडजूड फरशी घेऊन आले. आणखी दोन-तीन पालक जमले. त्यांनी फरशी गटारीवर बसवली, कडेनं सिमेंट थापलं आणि सोमवारी नारळ फोडायला बाईंना बोलावलं. देवरेसर हसतमुखानं उभे होते. पेढे वाटले जात होते.

बाईंनी फरशी पाहिली आणि पेढा परत पुड्यात ठेवला. "हे कुणी सांगितलं होतं करायला?"

गोटीराम गोंधळला. "बाई, पोरंच पडत होती ना. म्हटलं आपणच टाकू."

"घरपट्टी भरता?"

"भरतो की."

"पाणीपट्टी भरता? मग हे काम तुमचं होतं का? आता तो पंख्याखालचा माणूस म्हणेल, बघा, आपोआप झालं!"

"आता ऱ्हाऊ द्या ना बाई," गोटीराम दुखावून म्हणाला. "चांगलं काम केलं तरी वरडताय."

बाईंना कळत होतं की आपण चुकीच्या माणसावर तोंड टाकतोय. फरशी चांगली होती, आता पोर पडणार नव्हतं. पण मनातला जाळ विझत नव्हता. एका गरीब माळ्यानं आपला रविवार घातला, म्हणून एका साहेबाचा सोमवार सुखाचा गेला. एवढी साधी गोष्ट इथं कुणालाच दिसत नव्हती. त्या गोटीरामला म्हणाल्या, "तुमच्यावर नाही हो चिडले." पण तोपर्यंत तो गाडीकडे चालू लागला होता.

वार्षिक परीक्षा झाली. पेपर देवरेसरांनी आताच जाधवसरांकडे तपासायला दिले. महानगरपालिकेचे सदस्य कोण निवडते, या प्रश्नाखाली मैनानं लिहिलं होतं, 'कायद्याप्रमाणे लोक निवडतात. आमच्या नाशकात चार वर्षे कोणीच निवडलेले नाही, म्हणून सदस्य नाहीत.' शून्य गुण. बाई पेपर घेऊन शिक्षकखोलीत गेल्या.

"यात चूक काय ते दाखवा."

"नमुना उत्तरात एवढंच आहे, 'प्रौढ मतदार'," जाधवसर म्हणाले. "ती जास्तीचं लिहितेय."

"जास्तीचं लिहिलं म्हणून शून्य?"

"बाई, मी तरुण माणूस आहे. माझी नोकरी अजून कायम नाही."

त्या पोरसवदा मास्तराशी काय भांडायचं, असं बाईंना वाटलं. त्यांनी पेपर देवरेसरांपुढे ठेवला. देवरेसरांनी तो न वाचता बाजूला सारला. शून्य तसंच राहिलं. मैना पास झाली, बाकीचे गुण भरपूर होते. सुट्टीत एकदा फुलबाजारात बाई भेटल्या तेव्हा तिनं मोगऱ्याचा गजरा पुढं केला आणि म्हणाली, "बाई, मी पुन्हा तसंच लिहीन." बाईंना वाटलं हिला जवळ घ्यावं. त्यांनी घेतलं नाही. "व्याकरण सुधार आधी," असं दटावून त्या निघाल्या आणि सराफ बाजाराच्या चढावर त्यांचे डोळे भरून आले.

जूनपासून शिवण. दर आठवड्याला मुली सुईदोरा, फडकी घेऊन बसायच्या आणि सुलाबाई त्यांना धावदोरा, हेमिंग, काजं-बटणं शिकवायच्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका मुलीनं सुई ओवता ओवता विचारलं, "बाई, आमची महापालिका करायची नाही का?" बाईंनी दाराकडे पाहिलं. "हात चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "उमेदवार कोण?"

त्या वर्षी रुमालांना टाके पडत गेले आणि ठरावही होत गेले. एकदा देवरेसर दारात येऊन उभे राहिले. एक मुलगी मुलींच्या संडासाला कडी नसल्याबद्दल तावातावानं बोलत होती. "हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"शिवण," बाई म्हणाल्या. सगळ्यांच्या हातात सुया होत्या. सर थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. संडासाला कडी लागली, ती नेमकी कुणी लावली ते कळलं नाही.

पुढं जाधवसरांना गावाकडे, घोटीला, कायम नोकरी मिळाली आणि ते गेले. नागरिकशास्त्र घ्यायला दुसरं कुणी तयार होईना. सरांनी बाईंना बोलावलं.

"देतो. पण वर्गाबाहेर जायचं नाही."

"जाणार."

"मग मला खुलासा मागावा लागेल."

"मागा. दर वर्षी देईन."

सरांनी डोक्याला हात लावला, पण विषय दिला. त्या मार्चपासून सहावीची रांग दर वर्षी त्या कचेरीत जायला लागली. शिपाई लांबूनच ओळखायचा आणि साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगायचा, मग घड्याळात अकरा का वाजलेले असेनात. पोरं तिथंच थांबून ठराव मोठ्यानं वाचायची. निवडणूक काही होत नव्हती. दर वर्षी पोरं विचारायची, आमचा नगरसेवक कोण, आणि दर वर्षी कुणीतरी कारकून फायलीतून मान वर न करता म्हणायचा, सध्या नाही.

९१च्या मार्चमध्ये साहेब नवीन होते. तरुण, गोड बोलणारे. त्यांनी पोरांना आत बोलावलं, पंखा मोठा केला, सगळ्यांची नावं विचारली, ठराव लक्ष देऊन ऐकला, मान डोलावली. शिपायाला सांगून सगळ्यांना चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं मागवली.

"बाई, फार चांगला उपक्रम आहे. दर वर्षी या."

"दर वर्षीच येतो," बाई म्हणाल्या. "तुमच्या आधीच्यांना विचारा. ह्यांच्या प्रश्नाचं काय?"

"कोणत्या?"

"निवडणूक कधी?"

"ते वरून ठरतं बाई. आपल्या हातात काय आहे? घ्या, चहा घ्या."

पोरांनी बशीत चहा ओतून फुर्र फुर्र करत प्यायला. बिस्किटं बुडवून खाल्ली, काहींनी दोन दोन घेतली. साहेब त्यांच्याकडे बघून हसत होते. बाईंच्या कपावर साय धरत गेली. त्यांनी कपाला हात लावला नाही. खुर्चीत ताठ बसून त्या साहेबांकडे बघत राहिल्या, आणि थोड्या वेळानं त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.